बलुतं, तराळकी, आयदान आणि कंत्राटी कामगार

कामगार संघटनांच्या अधिवेशनांत अलीकडे एक ठराव न चुकता मांडला जातो. कायम नोकऱ्या संपत चालल्या आहेत. त्यांच्या जागी कंत्राटी, रोजंदारी, मानधनावरचे, तासांवरचे आणि नगावरचे काम आले आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने कामगार वर्गावर लादलेले हे नवे संकट आहे, असे त्यात म्हटलेले असते. ठराव खोटा नाही. आकडे खरे असतात, संतापही खरा असतो. माझे भांडण त्यातल्या ‘आले’ या एका क्रियापदाशी आहे. हे काम आले म्हणजे कोणाच्या दारात आले? ज्याच्या घरात दोन पिढ्या पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंड आणि निवृत्तीची तारीख नांदत होती, त्याच्या दारात ते आले असेल. ज्यांच्या घरात पगार हा शब्दच पहिल्यांदा पदवीधर झालेल्या मुलाबरोबर शिरला, त्यांच्याकडे ते येण्याचा प्रश्नच नव्हता. ते तिथेच होते. त्याला त्या वेळी दुसरी नावे होती, एवढेच.

हा प्रश्न मी अर्थशास्त्राचा म्हणून मांडत नाही. तो माझा विषय नव्हे. मराठीचा शिक्षक म्हणून मला तो आपल्या वाङ्मयाच्या वाचनाचा प्रश्न वाटतो. कामगार चळवळ कामगाराकडे जशी पाहत आली, तशीच मराठी समीक्षा साहित्याकडे पाहत आली, आणि दोघींनी मिळून एक मोठी वस्तू नजरेआड केली.

आपल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जा. ‘कामगार साहित्य’ एका कपाटात आणि ‘दलित साहित्य’ दुसऱ्या कपाटात सापडेल. पहिल्या कपाटात गिरणीच्या कादंबऱ्या, नारायण सुर्वे यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), अलीकडचे म्हणून जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७). दुसऱ्या कपाटात ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’, ‘आयदान’. पहिल्या कपाटाविषयी बोलताना प्राध्यापक शोषण, संप, वर्ग हे शब्द वापरतात. दुसऱ्याविषयी वेदना, विद्रोह, नकार, अस्मिता हे. अण्णाभाऊ साठे यांची तर या दोन कपाटांत फाळणीच झाली. शाहीर अण्णाभाऊ इकडे आणि ‘फकिरा’चे अण्णाभाऊ तिकडे. ही वाटणी ग्रंथपालाने केली नाही. ती चळवळींत आधी झाली होती.

कशी झाली ते एका उदाहरणाने सांगता येते. मामा वरेरकर हे जन्माने आमच्या चिपळूणचे. गिरणी कामगारांच्या जीवनावरची त्यांची कादंबरी ‘धावता धोटा’ ही त्या विषयावरच्या सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्यांपैकी एक. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन पळणारे साधन. मराठी मनात गिरणी कामगाराची जी प्रतिमा आहे ती या धोट्याची आहे. आता मुंबईच्या गिरण्यांत हा धोटा कोणाच्या हातात होता ते पाहा. मागखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेले सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार ओठाला लावायला तयार नसे. मागखात्यात मजुरी जास्त होती. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या सूतखात्यात अडकून पडला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही? त्यांनी आग्रह धरला तेव्हा कुठे ती नाइलाजाने स्वीकारली गेली. मालकांना यात आयतेच उत्तर सापडले. ही बंदी आम्ही घातलेली नाही, असे ते म्हणू शकले, आणि ते पूर्णपणे खोटे नव्हते.

म्हणजे ज्या वस्तूवरून गिरणीच्या कादंबरीला नाव मिळाले, त्या वस्तूला हात लावण्याचा हक्कच एका कामगाराला नव्हता. पहिल्या कपाटाची ही मर्यादा वरेरकरांची वैयक्तिक म्हणून मी सांगत नाही. कामगार कोण, याचे त्या काळचे उत्तरच तसे होते.

आता दुसऱ्या कपाटाकडे वळू. आपल्या स्वकथनांची नावे पुन्हा एकदा कान देऊन ऐका. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. बलुतं हे जातीचे नाव नाही. ते मोबदल्याचे नाव आहे: गावाची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ चे. तराळ हेही जातीचे नाव नाही. ते एका कामाचे, पाळीने येणाऱ्या गावकामगारीचे नाव आहे. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ चे. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली वस्तू; सूप, टोपली, रोवळी. एक पुस्तक मोबदल्याचे नाव घेऊन आले, दुसरे कामाचे, तिसरे मालाचे. या लेखकांनी आपल्या आयुष्याला नाव देताना जे शब्द निवडले ते श्रमव्यवहाराचे शब्द होते. समीक्षेने मात्र ती पुस्तके जातीच्या वेदनेची म्हणून वाचली. वेदना तिथे आहेच. पण ती कामाच्या कोणत्या करारातून जन्मते हे न पाहता केवळ हळहळणारा वाचक पांढरपेशा समीक्षेने घडवला, आणि आपल्यापैकी अनेकांनीही तीच परिभाषा उचलली.

‘बलुतं’ कामाच्या अंगाने वाचून पाहा. गावातल्या महाराच्या कामाला यादी नव्हती. दवंडी, सांगावा, मयताची बातमी घेऊन परगावी जाणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, लाकूड फोडणे, मेलेले जनावर ओढणे. कामाला तास नव्हते. मोबदल्याला दर नव्हता. खळ्यावरच्या शेतकऱ्याच्या मर्जीवर तो ठरे. शिवाय याला ‘हक्क’ म्हणत. बावन्न हक्क! ज्या कामात नकार देता येत नाही, त्याला हक्क म्हणण्याची कारागिरी आपल्या गावगाड्याने फार पूर्वी साधली होती. पुस्तक मुंबईत येते तेव्हाही हे संपत नाही. कावाखान्यातले पुरुष हमाली करतात, काही थोडे गिरणीत जातात. बाया रस्त्यावरचे कागद, चिंध्या, काच, लोखंड वेचून, निवडून विकतात. कोणत्याही संघटनेच्या पावतीपुस्तकात त्या काळी या बायांचे नाव येण्याची शक्यता नव्हती. साहित्यात मात्र ते १९७८ साली आले. कचरावेचक बाईला कामगार म्हणावे की नाही यावर पुढे चर्चासत्रे झाली. दया पवारांनी तिला न चर्चा करता कामावर दाखवली होती.

‘तराळ-अंतराळ’ मधला तराळ तर आजच्या कंत्राटी कामगाराला सहज ओळखता येईल. पाळी आली की चोवीस तास चावडीला बांधलेला. हाक आली की उठायचे. बेवारस प्रेताजवळ रात्रभर राखणीला बसायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते नेमके या गोष्टीवर बोट ठेवणारे होते. बलुत्याच्या जागी पैशात मोबदला द्या, आणि ज्याला वतनातून सुटायचे आहे त्याला सुटू द्या. आजच्या भाषेत सांगायचे तर कामाच्या अटी ठरवा. ते विधेयक पुढे गेले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. ‘महारकी सोडा’ ही हाक आपण धर्माच्या आणि स्वाभिमानाच्या इतिहासात लिहितो. ती कामगार चळवळीच्या इतिहासातही लिहायला हवी. अटी नसलेल्या कामावर टाकलेला तो बहिष्कार होता.

आणि ‘आयदान’ आमच्याच जिल्ह्यातले. घाटावर बांबूकाम बुरुडाचे. कोकणात ते महारांच्या हाती होते. लेखिकेची आई विधवा झाल्यावर या विणकामावर घर चालवते. पुस्तक सुरू होते तेच गावाकडच्या बाया डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला माल विकायला निघालेल्या असतात तिथून. मालक दिसत नाही, मुकादम दिसत नाही, वेळापत्रक नाही. जितके विणाल तितके. घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईविषयी आज ‘गृहाधारित कामगार’ असा जड शब्द निघाला आहे. तिच्या कामाचा पोत मला मात्र अहवालांपेक्षा या पुस्तकात अधिक सापडतो, कारण बोटाला कापणारी कामटी आणि घरातले दारिद्र्य ही लेखिकेने वेगळी काढलेली नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बलुतेदार आणि कंत्राटी कामगार यांत मूलभूत फरक आहे. बलुतेदाराला गाव सोडता येत नव्हते. कंत्राटी कामगाराला कामावर टिकता येत नाही. एकाला बांधून ठेवले होते, दुसऱ्याला बांधून घ्यायलाच कोणी तयार नाही. हा फरक मला मान्य आहे. भांडवलशाहीला जातीचा साधा विस्तार समजणे ही वैचारिक आळशीपणाची गोष्ट होईल. पण तीन गोष्टी दोन्हीकडे तशाच उरतात: कामाची अट लेखी नसते, राबणारा आणि राबवून घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो, आणि कोणते काम कोणाच्या वाट्याला यायचे हे बऱ्याच प्रमाणात जन्माने ठरलेले असते. या तिसऱ्या माणसाविषयी कोकणाला जेवढे ठाऊक आहे तेवढे क्वचित कोणाला असेल.

मी ज्या गावातून हे लिहितो आहे ते पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. शिवाजीसागराचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाके फिरवते, पुढे कोळकेवाडीच्या धरणात जाते, अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीला मिळते. पहिला टप्पा १९६२ साली सुरू झाला. हजार मेगावॅटचा चौथा टप्पा धरून सगळ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. १३ मार्च १९९९ रोजी तलावाच्या तळाशी सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेतले तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले, आणि ते रास्त होते. माझे वडील चौथ्या टप्प्याच्या बोगद्याच्या कामावर एका ठेकेदाराकडे होते. त्या ठेकेदाराचे नाव आज आमच्या घरात कोणालाही आठवत नाही. मुकादमाचे तेवढे आठवते. वडील तिथे राबले याचा एकही कागद घरात नाही. कोयनेवर पुस्तके आहेत, अभियंत्यांच्या आठवणी आहेत, १९६७ च्या भूकंपावर शास्त्रज्ञांचे निबंध आहेत. बोगदा खोदणाऱ्याचे स्वकथन माझ्या वाचनात नाही.

या डोंगराखाली याआधी खोताचे राज्य होते. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. सरकारला सारा खोत देणार, कुळाकडून वसूल खोत करणार, वर कुळाकडून वेठ घेणार. कुळाने सरकारकडे दाद मागावी तर सरकारच्या दृष्टीने त्याचे अस्तित्वच खोतामार्फत. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. महार कुळे आणि कुणबी कुळे त्यात बरोबर होती. मागणीचा गाभा असा की मधला खोत काढा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडा. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर.

आता खोताच्या जागी ठेकेदार ठेवून पाहा. मुख्य मालक म्हणतो, हा माणूस माझा नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, टेंडर संपले, माझाही नव्हे. नवा ठेकेदार येतो आणि दहा वर्षे तेच काम करणारा माणूस पुन्हा ‘नवा’ होतो. रजा, बढती, सेवाज्येष्ठता सगळे शून्यावर. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांपासून सरकारी कंपन्यांच्या आवारापर्यंत याच रीतीने माणसे लावली जातात. खोताची वतनदारी वंशपरंपरेची होती, ठेकेदाराची निविदेची आहे. कुळाच्या बाजूने पाहता दोघांच्या पावतीत फरक काढणे कठीण. वीसपेक्षा कमी कामगार दाखवणाऱ्या ठेकेदाराला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे, म्हणून एकाच आवारात छोटे छोटे ठेकेदार उभे करण्याची युक्ती सर्वत्र चालली. महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा पन्नासवर नेली आणि युक्ती करण्याचा त्रासही वाचवला.

संघटनांनी या काळात काय केले? वीज मंडळाचे उदाहरण घेणे मला भाग आहे, कारण आमच्या पंचक्रोशीत संघटना म्हणजे वीज मंडळाची संघटना. १९६० साली स्थापन झालेल्या मंडळाची ६ जून २००५ रोजी फाळणी होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्या झाल्या. कायम कामगारांच्या संघटना मजबूत होत्या, लढाऊ होत्या; त्यांनी वेतनकरार मिळवले, वसाहती मिळवल्या. आमच्यातल्या काही घरांत पहिला पगार आला तो त्यामुळे. हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण कायम जागा रिकाम्या होत गेल्या आणि त्या कामावर ठेकेदाराची माणसे येत गेली, तेव्हा संघटनेचे सभासदत्व कायम कामगाराच्या दारातच थांबले. कंत्राटी कामगारांना आपल्या वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांना त्याआधीच काढाव्या लागल्या होत्या. हे का झाले याचे आत्मपरीक्षण मी कुठल्या अधिवेशनाच्या अहवालात वाचलेले नाही. ‘फुटीर प्रवृत्ती’ हा शब्द मात्र वाचलेला आहे.

४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही वीज कंपन्यांत संप झाला. अदानी कंपनीला समांतर वितरण परवाना देऊ नये ही मुख्य मागणी होती. तीसहून अधिक संघटना एकत्र आल्या. संघटनांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ८६ हजार कायम कर्मचाऱ्यांबरोबर ४२ हजार कंत्राटी कामगार आणि सुरक्षारक्षक संपात होते. खासगीकरण करणार नाही असे सरकारने सांगितले आणि बहात्तर तासांचा संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला. एकजूट मोठी होती, विजयही म्हणता येईल. तरी ठेकेदाराच्या कामगाराच्या जागी उभे राहून या संपाकडे पाहा. खासगीकरण होऊ नये म्हणून तो रस्त्यावर उतरला. त्याचे स्वतःचे खासगीकरण तर केव्हाच झालेले होते. कंपनी सरकारी राहिली आणि तो खासगी राहिला.

यात आपल्या समाजाच्या दृष्टीने जे पणाला लागले आहे ते सरळ सांगतो. आरक्षण पदाला असते. ठेक्याला पद नसते, बिंदुनामावली नसते, अनुशेष नसतो. शंभर पदांत तेरा अनुसूचित जातींची असे हिशेब आपण मांडत राहतो, आणि इकडे शंभर पदेच एका निविदेत विरघळतात. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत सरकारी कामाला माणसे पुरवण्याची सोय केली होती. तरुणांनी आणि विरोधकांनी गदारोळ केल्यावर २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. निर्णय गेला, रीत गेली नाही. गंमत अशी की आरक्षण बंद करा म्हणून ओरडणाऱ्याला आता ओरडण्याची गरज उरलेली नाही. आणि ठेक्यात दलित नसतात असे मुळीच नाही. झाडू, गटार, कचरा यांच्या ठेक्यांत ते न मागता सगळ्यांत पुढे असतात.

इथे कायद्याची एक हकिगत सांगितली पाहिजे, कारण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ती येत नाही. ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई आणि राखण या कामांत ठेकेदारी पद्धत बंद केली होती. झाडलोट करणाऱ्या कामगारांनी तिच्या बळावर लढाई केली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या खटल्यात सांगितले की ठेका बंद झाला तर कामगार मुख्य मालकाचा झाला. पाच वर्षे हा निकाल टिकला. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो फिरवला. ठेका बंद झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाही. ठेका खोटा होता हे त्याने औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे. १९७६ ची अधिसूचनाही त्या निकालाने रद्द ठरली. त्यानंतर २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. आस्थापनेच्या मूळ कामात ठेकेदारी नको, असे ती म्हणते. ऐकायला बरे वाटते. मग मूळ काम कोणते नव्हे याची यादी येते. तिच्यात झाडलोट, साफसफाई, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट, राखण, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे ही कामे आहेत. त्या आस्थापनेचा धंदाच तो असेल तेवढा अपवाद.

ही यादी ‘बलुतं’ वाचलेल्या माणसाने वाचावी. राखण तराळाची, झाडलोट महाराची नि भंग्याची, ओझे हमालाचे. कायदा करणाऱ्यांच्या मनात जात होती असा आरोप मी करत नाही, तो सिद्धही करता येणार नाही. पण कोणते काम ‘मूळ’ आणि कोणते ‘किरकोळ’ याची जी समज गावगाड्याने घडवली, तीच समज इथे कलमाच्या रूपाने आली आहे. कार्यालय झाडल्याशिवाय उघडत नाही, तरी झाडणारा कार्यालयाचा नव्हे. वेशीशिवाय गाव नाही, पण वेशीवरचा गावाचा नव्हे.

शब्दांचा प्रश्न निघाला आहे म्हणून ‘मानधन’ या शब्दाविषयी. अंगणवाडी सेविका, आशा, मुंबईच्या दत्तक वस्ती योजनेतले ‘स्वयंसेवक’ सफाई कामगार, या सगळ्यांना मानधन मिळते, वेतन मिळत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप केला. ज्यांना सरकार कामगार म्हणत नाही त्या बायांनी कामगाराचे सगळ्यांत जुने हत्यार इतके दिवस धरून ठेवले. गावगाड्यातही मजुरीच्या जागी ‘मान’ देण्याची पद्धत होती. शिमग्याला अमुक मान, लग्नात तमुक मान. मानाला दर विचारता येत नाही, हाच त्याचा उपयोग. महाविद्यालयातही हा शब्द पोचला आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मी त्या तत्त्वावर सहा वर्षे काढली. ‘सर’ म्हणणारे विद्यार्थी आणि महिनाअखेरीला शिपायाकडून उसने घेणारे सर, हा अनुभव आज आमच्या पिढीतल्या अनेकांचा आहे. त्यात माझे विशेष काही नाही.

जिथे संघटनेने मधल्या माणसावर घाव घातला तिथे काही तरी हाती लागले आहे, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने १९९७ पासून महापालिकेच्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांना एकत्र केले. यातले बहुसंख्य दलित. महापालिका म्हणे, ही माणसे आमची नव्हेत. ठेका हे ढोंग आहे, एवढाच मुद्दा संघाने धरून ठेवला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतरही अनेकांचे प्रकरण अडले ते यादीतले नाव आणि कागदावरचे नाव यांच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून. ज्याचे नाव मस्टरवर कोणी नीट लिहिलेच नाही, त्याच्याकडे अखेर नावाचाच पुरावा मागितला गेला.

दुसरी वाट माथाडींची. घाटावरच्या पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कायम नोकरी नाही, एक मालक नाही. तरी मालकांची आणि कामगारांची दोघांची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा, वर भविष्यनिधी आणि रजेसाठी लेव्ही. मधला ठेकेदार त्यातून कायद्याने वगळला. म्हणजे अनियमित काम असूनही अटी ठरवता येतात हे महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी करून दाखवले. हा कायदा ओझे वाहणाऱ्यासाठी झाला आणि कचरा वाहणाऱ्यासाठी झाला नाही, याचे कारण विचारले की मंडळी अस्वस्थ होतात. मुंबईचा माथाडी मोठ्या प्रमाणात मराठा समाजातला होता, त्याला आमदार होता, बाजारपेठ अडवण्याची ताकद होती. हे माथाडींचे उणे नव्हे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्या बाया बहुतेक दलित. महापालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली तेव्हा कावाखान्यातल्या बाईला जवळजवळ दोन दशकांनी कागदावर नाव मिळाले.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ते भाषण आपण सभांत फार वेळा ऐकतो आणि पुढचा तपशील विसरतो. त्यांनी गँगमनविषयी सांगितले होते, जो आयुष्यभर गँगमनच राहतो. पोर्टरच्या जागेविषयी सांगितले होते: पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते म्हणून ती जागा अस्पृश्याला मिळत नाही. सिद्धान्त त्यांनी कामाच्या तपशिलातून काढला होता. आपल्या समीक्षेने सिद्धान्त उचलला आणि तपशील स्वकथनांत पडून राहिला.

म्हणून पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना आणि चिपळूण-खेड भागातल्या कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. कोयनेच्या तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या बोगद्यांवर ठेकेदारांकडे राबलेली माणसे पोफळी, शिरगाव, अलोरे, कोळकेवाडी या गावांत अजून आहेत; कोकण रेल्वेच्या बोगद्यांवर गेलेलीही आहेत. त्यांच्या जबान्या उतरवून घ्याव्यात. जातीचा अनुभव काय हे विचारण्याआधी कामाचे विचारावे: हजेरी कोण मांडत होते, वहीत नाव कोणते लावले होते, मजुरी कोणाच्या हातून मिळाली, किती कापली, कोण जखमी झाले आणि त्याचे पुढे काय झाले, कोणते काम कोणत्या वाडीतल्या माणसांना दिले जाई, संघटनेचा माणूस कधी आला होता काय. त्यातले पुष्कळ जण सत्तरीच्या पुढे गेले आहेत.